लिक्समधला कोड हाताने कसा बदलायचा?

प्रश्न : प्रबंध लिक्स या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतोय. खालच्या खिडकीत लाटेकचा (पानाची मांडणी कमांड लिहून सांगायच्या भाषेचा) कोड दिसतो, पण त्यात काहीच टाइप होत नाही. असं का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : होणारही नाही. ती कोड प्रिव्ह्यूची खिडकी फक्त बघण्यापुरती. लिक्स मजकूर स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवतं आणि त्यावरून लाटेक दर वेळी नव्याने तयार करतं. एखाददुसरी कमांड घालायची तर कर्सर तिथे नेऊन कंट्रोल-एल दाबा. टेक कोडचा चौकोन उघडेल. त्यातलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं लाटेककडे जातं. चौकोनाबाहेर टाइप केलेला बॅकस्लॅश मात्र नुसता छापला जातो.

खरी डोकेदुखी महिरपी कंसाची. एका चौकोनात उघडलेला कंस दुसऱ्यात बंद केला तरी चालतो, पण बंद करायचा राहिला की एरर भलतीकडेच दिसते आणि आपण तिथेच शोधत बसतो. यूजपॅकेजची, म्हणजे लाटेकला जादा सुविधा जोडणारी, ओळ चौकोनात घालू नका; तिची जागा डॉक्युमेंट, सेटिंग्ज, लाटेक प्रिअँबल.

सगळाच कोड हवा असेल तर फाइल मेनूतून लाटेकमध्ये एक्स्पोर्ट करा. ती फाइल पुन्हा इम्पोर्ट होते खरी, पण लिक्सला न कळलेला भाग टेक कोडच्या चौकोनांत येऊन पडतो. म्हणून मूळ लिक्स फाइल पुसू नका.