मायझेचा धर्मप्रांत कशामुळे गेला आणि त्याच्या मठाचे काय झाले?

आपला प्रश्न असा आहे की, पश्चिम फ्रान्समधील मायझे या लहानशा गावी एके काळी बिशपचे पीठ, म्हणजे त्याच्या धर्मप्रांताचे मुख्य ठाणे, होते, तर ते बंद का पडले, आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट यादवीत तेथील मठ उद्ध्वस्त झाला हेच त्याचे कारण होते का. यादवीत मठाची मोठी हानी झाली हे खरे. परंतु माझ्या मते पीठ गेले ते राजकारणामुळे, आणि मठ खऱ्या अर्थाने जमीनदोस्त झाला तो त्यानंतर दीडशे वर्षांनी.

मठाची स्थापना ११ व्या शतकाच्या आरंभी झाली. अ‍ॅक्विटेनच्या ड्यूकची पत्नी एम्मा हिच्या शिकाऱ्यांनी हेरलेले रानडुक्कर एका पडक्या वेदीच्या आश्रयाला गेले आणि म्हणून तेथे मठ उभा राहिला, अशी दंतकथा सांगतात. ती बाजूला ठेवली तरी जागेची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. सभोवार दलदल आणि मध्ये चुनखडीचे उंच बेट, अशी ही जागा होती. दलदलीतून शेतजमीन काढण्याचे काम तेथील बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या) भिक्षूंनी पिढ्यान्‌पिढ्या केले; १२१७ च्या सुमारास मायझेसह पाच मठांनी मिळून खोदलेला कालवा आजही ‘पाच मठाधिपतींचा कालवा’ म्हणूनच ओळखला जातो.

१३१७ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी प्वातिएचा अवाढव्य धर्मप्रांत तोडून लुसाँ आणि मायझे असे दोन नवे धर्मप्रांत निर्माण केले. (मुंबईच्या महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत वेगळा निघाला, तसेच हे.) मात्र मायझेला मोठे नगर नव्हते, म्हणून मठाचे चर्च हेच कॅथेड्रल झाले, मठाधिपती बिशप झाला आणि भिक्षूच कॅथेड्रलचे सेवक मंडळ बनले. हा कमकुवतपणा पुढे भोवला.

त्याआधी एक चांगला काळ येऊन गेला. १५१८ मध्ये बिशप झालेले जॉफ्रुआ देस्तिसाक हे विद्याप्रेमी गृहस्थ होते. फाँतने-ल-काँत येथील फ्रान्सिस्कन मठात ज्याची ग्रीक पुस्तके जप्त झाली, त्या राबले या फ्रेंच लेखकाला त्यांनी आश्रय दिला आणि पोपच्या परवानगीने तो बेनेडिक्टाइन झाला. पुढे १५३६ मध्ये रोमहून त्याने या बिशपांना लिहिलेल्या पत्रांत त्यांच्या बागेसाठी सॅलडच्या भाज्यांचे बी पाठवत असल्याचा उल्लेख आहे. पोपच्या दरबारातील घडामोडींच्या जोडीला भाज्यांचे बी! मला या साऱ्या इतिहासात हा तपशील सर्वांत जिवंत वाटतो.

यादवीच्या अखेरच्या काळात हा मठ प्रोटेस्टंट सेनानी आणि कवी आग्रिपा दोबिन्ये याच्या हाती गेला. त्याने तटबंदी करून त्याचा किल्ला बनवला आणि १६१९ पर्यंत तो ताब्यात ठेवला. म्हणजे बिशपच्या पीठावर ठाणे प्रोटेस्टंटांचे, अशी विचित्र स्थिती होती. (लुई चौदाव्याशी गुपचूप विवाह करणारी मादाम द मँतनाँ ही याच दोबिन्येची नात.)

निर्णायक घटना मात्र मायझेत घडली नाही. प्रोटेस्टंटांचे बळकट बंदर ला रोशेल १६२८ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर शरण आले. हा वेढा चालवणारा, फ्रान्सच्या राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू हा स्वतः शेजारच्या लुसाँचा माजी बिशप होता. जिंकलेल्या शहरावर कॅथलिक पकड घट्ट करायची तर तेथे बिशप बसवणे आवश्यक होते, आणि दलदलीतील निर्जन मायझेचे पीठ हलवणे सर्वांत सोयीचे होते. १६४८ मध्ये पोप इनोसंट दहावे यांनी पीठ ला रोशेलला नेले आणि साँत धर्मप्रांताचा काही भाग त्याला जोडला. ३३१ वर्षांचे बिशपपद असे एका आदेशाने दुसऱ्या गावी गेले.

पीठ गेल्यावर एवढी मोठी इमारत राखण्याचे कारणच उरले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ती राष्ट्रीय मालमत्ता म्हणून विकली गेली आणि घेणाऱ्यांनी तिचा दगडखाणीसारखा वापर केला. आज चर्चची उत्तरेकडील भिंत आपल्या उंच खिडक्यांसह उभी आहे. तिच्यासमोर जेथे कॅथेड्रलचे छत होते, तेथे आता मोकळे आकाश आणि गवत आहे.