सीटसाठी रिकॉल आलाय, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पार्ट नाही, तोवर गाडी चालवू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी सेकंड हँड आहे, वॉरंटी संपलीय, पुढच्या सीटसाठी रिकॉल निघालाय (म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावलीय) आणि पार्ट यायला वेळ आहे. पैशाचं आधी सांगतो. सेफ्टी रिकॉलचं काम फुकटात होतं, वॉरंटीचा त्याच्याशी काही संबंध नाही आणि तुम्ही दुसरे मालक असा की चौथे, फरक पडत नाही, कारण रिकॉल गाडीच्या चासी नंबरवर निघतो, माणसाच्या नावावर नाही. फक्त गाडी फार जुनी असेल तर काही देशांत वयाची मर्यादा असते, तेवढं विचारून घ्या.

माझीही गाडी सेकंड हँडच, आणि रिकॉलचं पत्र जुन्या मालकाकडे गेलं होतं, त्याने बहुतेक रद्दीत टाकलं. मला कळलं कसं, तर सिग्नल सुटल्यावर गाडी उचलली की ड्रायव्हर सीट एक खाच मागे सरकायची, मी म्हटलं मीच नीट लॉक केली नसेल, असं करत दोन महिने काढले (हो, मूर्खपणा). मग एकदा कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून बघितला तर सीटच्या रेलचा, म्हणजे सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या पट्टीचा, रिकॉल कधीचाच निघालेला होता आणि काम बाकी होतं. तो नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे गोल दिसलं की शून्य समजा, मी ओ टाकून दोनदा एरर खाल्लाय.

आता चालवायची का. सीटचा रिकॉल म्हटलं की लोकांना वाटतं गादीबिदीचं काही असेल, नंतर बघू. पण पुढच्या सीटच्या बेल्टचं बक्कल बऱ्याच गाड्यांत सीटच्या फ्रेमलाच बोल्ट केलेलं असतं, साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेला असते, आणि काही गाड्यांत शेजारच्या सीटवर कोणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर त्या सीटमध्येच असतो, त्यावर समोरची एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. म्हणजे सीटच धड नसेल तर बेल्ट लावूनही अर्धाच उपयोग. म्हणून दोष नक्की कुठे आहे ते आधी विचारा. सेन्सरचा असेल तर त्या सीटवर कोणाला बसवू नका, मागे बसवा, गाडी चालवायला सहसा हरकत नसते. पाठीच्या लॉकचा असेल आणि मागून कोणी ठोकलं तर पाठ सपाट पडू शकते, त्यातही ती ड्रायव्हर सीट असेल तर मी तरी चालवणार नाही, कारण सीट मागे गेली की पाय ब्रेकवर पोचत नाही. आणि नोटिशीत 'गाडी चालवू नका' असं लिहिलं असेल तर विषयच संपला, टोइंगची सोय तुम्हीच करणार का असं कंपनीला विचारा, बरेचदा करतात.

पार्ट नाही हे तोंडी ऐकून परत येऊ नका. जॉब कार्ड (गाडीचं काम नोंदवल्याचा कागद) काढायला लावा, त्यावर रिकॉलचा नंबर आणि 'पार्टची ऑर्डर दिली' असं लिहून घ्या, नाही केलं तर थेट कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका. माझ्या वेळी तीन आठवडे पुढच्या सोमवारी या असंच चाललं होतं, ईमेल टाकल्यावर पार्ट चार दिवसात आला, कुठून आला देव जाणे. आणि हेच काम आधी स्वतःच्या पैशाने केलं असेल तर बिल दाखवा, काही कंपन्या परत देतात.

बाहेरच्या गॅरेजात किंवा सीट कव्हरवाल्याकडून मात्र हे करून घेऊ नका, सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतात ते एअरबॅगचे असतात. काम झाल्यावर तिथेच बसून सीट पुढेमागे जोरात हलवून बघा, इग्निशन ऑन करून एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो का बघा. माझा विझला नव्हता, त्यांनी कनेक्टर पुरता बसवलाच नव्हता, गेटवरूनच गाडी परत आत घेतली.