मध्यमेंदूच्या आजारात नजर चांगली असूनही खाली का पाहता येत नाही?

तुम्ही विचारले आहे की, पाहण्याचे केंद्र मेंदूच्या मागच्या भागात असते असे सगळीकडे वाचायला मिळते. मग वडिलांना खाली पाहता येत नाही या तक्रारीचे मूळ डॉक्टर मध्यमेंदूत का शोधत आहेत, आणि तक्त्यावरची शेवटची ओळ न चुकता वाचणाऱ्या माणसाला जिन्याची पायरी कशी दिसत नाही? मी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. वडिलांच्या निदानाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टचा आहे, तेव्हा त्यात मी पडत नाही. मात्र तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. समोरची वस्तू काय आहे हे ओळखण्याचे काम मेंदूच्या मागच्या भागातले बाह्यक (मेंदूचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स) करते. पण नजर कुठे आणि किती वेगाने वळवायची, तसेच डोळ्यात किती प्रकाश येऊ द्यायचा, हा कारभार बराचसा मध्यमेंदूतून चालतो. अक्षरांचा तक्ता पहिल्या कामाची परीक्षा घेतो, दुसऱ्याची घेत नाही.

मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग; तो जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीचा असतो. त्याच्या पाठीवर चार उंचवटे असतात. त्यांतली खालची जोडी ऐकण्याशी संबंधित आहे आणि वरच्या जोडीला सुपीरियर कॉलिक्युलस म्हणतात. लॅटिनमध्ये कॉलिक्युलस म्हणजे छोटी टेकडी. बेडूक, मासे आणि पक्षी यांच्यात पाहण्याचा मोठा भार या भागाच्या पूर्वरूपावरच असतो. माणसात तो भार बाह्यकाकडे गेला, तरी दृष्टिपटलाकडून निघणाऱ्या तंतूंपैकी सुमारे दहावा हिस्सा आजही इथे पोहोचतो. टेकडीच्या वरच्या थरांत समोरच्या दृश्याचा नकाशा असतो. खोल थरांत आवाज आणि स्पर्श यांचीही माहिती येऊन मिळते आणि तिथूनच डोळ्यांना हुकूम सुटतो. माकडाच्या कॉलिक्युलसमध्ये एखाद्या बिंदूला विजेचा सौम्य झटका दिला, तर डोळे ठरावीक दिशेला ठरावीक अंतराची झेप घेतात. बिंदू बदलला की झेपही बदलते. या टेकडीला सतत आवरून धरणारा ब्रेक मध्यमेंदूतल्याच सब्स्टॅन्शिया नायग्रा या पेशींच्या गडद पट्ट्यातून येतो. पार्किन्सनच्या आजारात तो ब्रेक प्रमाणाबाहेर लागतो, म्हणून रुग्णाची नजर लक्ष्याच्या अलीकडेच थांबते आणि उरलेले अंतर छोट्या छोट्या टप्प्यांनी कापते.

आता बाहुलीचे पाहू. अंधाऱ्या खोलीत एका डोळ्यावर टॉर्च टाकला तर दोन्ही बाहुल्या लहान होतात. याचे कारण, कॉलिक्युलसच्या जरा पुढे असलेल्या प्रीटेक्टम या भागातून निघणारे तंतू मध्यमेंदूच्या दोन्ही बाजूंना जातात. त्यांतले काही पोस्टीरियर कमिशर नावाच्या अरुंद पुलावरून पलीकडे उतरतात. जवळची वस्तू पाहतानाही बाहुली लहान होते, पण तो निरोप मध्यमेंदूच्या पोटाच्या बाजूने येतो. त्यामुळे पाठीमागून दाब आला, समजा तिथल्या पिनियल ग्रंथीला गाठ झाली किंवा मेंदूतले पाणी साचले, तर आधी प्रकाशाचा मार्ग बिघडतो. टॉर्च टाकल्यावर बाहुली जेमतेम हलते, आणि बोट नाकाजवळ आणले की ती व्यवस्थित आकसते. त्याच पुलावरून डोळे वर नेणारे तंतूही जात असल्याने वर पाहणे बंद होते आणि पापण्या मागे ओढल्यासारख्या दिसतात. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ आँरी पारिनो यांनी १८८३ मध्ये अशा नजरेच्या लकव्याचे वर्णन केले, म्हणून या लक्षणसमूहाला त्यांचे नाव मिळाले. इथे एक तक्रार नोंदवतो: त्याचा दोष सरसकट सुपीरियर कॉलिक्युलसवर टाकणाऱ्या नोट्स विद्यार्थ्यांच्या हातात अजूनही दिसतात. खरा घाव शेजारच्या पुलावर असतो; माकडात एकटा कॉलिक्युलस काढला तरी नजरेच्या झेपा काही काळाने बऱ्याचशा सावरतात. वर न पाहता येणे डोकेदुखी आणि उलट्यांसह अचानक सुरू झाले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तुमच्या वर्णनातले खाली न पाहता येणे वेगळ्या वाटेने येऊ शकते. वर-खाली नजरेच्या झेपा मध्यमेंदूच्या वरच्या टोकाशी असलेल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यातून सुरू होतात. आडव्या झेपांचे केंद्र त्याच्या खालच्या पॉन्स या भागात आहे. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या आजाराचे वर्णन स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ मध्ये केले. त्यात टाउ नावाचे प्रथिन पेशींत साचते आणि हा वरचा पुंजका लवकर झिजतो. आधी खाली-वर जाणारी नजर संथ होते, मग अपुरी पडते आणि शेवटी थांबते. आडवी नजर बराच काळ टिकून राहते. माणूस कारण नसताना मागच्या मागे पडू लागतो. एमआरआयमध्ये मेंदूचा मधोमध उभा छेद पाहिला तर मध्यमेंदू आकसून त्याची आकृती गुंजन पक्ष्याच्या डोक्यासारखी आणि चोचीसारखी दिसते.

या आजाराची एक तपासणी मला फार बोलकी वाटते. 'खाली पाहा' म्हटले तर रुग्णाचे डोळे जागचे हलत नाहीत. मग डॉक्टर त्याला समोरच्या एका बिंदूवर नजर रोखायला सांगतात आणि त्याचे डोके दोन्ही हातांत धरून हनुवटी हळूच वर उचलतात. त्याबरोबर तेच डोळे खोबणीत सरसर खाली उतरतात. म्हणजे स्नायू आणि त्यांच्या नसा धड असतात, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा निरोपही पोहोचतो. फक्त इच्छेने सुटणारा हुकूम वाटेत अडकतो. आजार बराच पुढे गेला की हीही हालचाल मंदावते.

या आजाराला थांबवणारे औषध आज नाही, आणि पार्किन्सनच्या गोळ्यांचा उपयोग झाला तरी सहसा थोडा आणि तात्पुरता होतो. निदान काहीही ठरो, खाली पाहता येत नसेल तोवर दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा टाळावा, कारण वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो आणि नजर तिथवर उतरतच नाही. चालण्यासाठी आणि वाचण्यासाठी दोन वेगळे चष्मे करून घ्यावेत. ताट उंच चौरंगावर ठेवले तर घास सांडणे कमी होते. जिना उतरताना कोणीतरी त्यांच्या एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे करून चालावे.