कुलमुखत्यारपत्र आहे, तरी बँक का अडवते?

कल्याणच्या एका ताईंनी विचारलंय. 8 महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या दुचाकीला टेम्पोने उडवलं. मेंदूला मार बसला. आता डोळे उघडतात, पण कुणाला ओळखत नाहीत. अपघाताच्या 2 वर्षं आधी त्यांनी ताईंच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. त्यावर डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा आहे, तर बँक आणि गिऱ्हाईक दोघंही मागे सरले. अशी पत्रं नेहमी येतात. कुठे फ्लॅट, कुठे शेतजमीन, एवढाच फरक.

ताई, बँक बरोबर आहे. करार कायद्याचं कलम 201: मुखत्यारी देणारा वारला किंवा त्याचं भान हरपलं, की मुखत्यारी संपली. नोंदणी असली तरीही. लोक हा कागद ज्या दिवसासाठी करून ठेवतात, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. कलम 209 खाली तुम्ही मालमत्तेची राखण करू शकता, विक्री नाही. आणि नॉमिनीचा हक्क मृत्यूनंतरचा, तो इथे काढूच नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की आयसीयूत त्यांचा अंगठा घेऊन ठेवलाय. कुणी सुचवलं हे? भान नसलेल्या माणसाच्या अंगठ्याला काडीची किंमत नाही, उलट फौजदारी मागे लागेल. तो कागद वकिलाच्या हाती द्या, त्यावर एकही व्यवहार करू नका.

मार्ग उच्च न्यायालयाचा: तिथून नवऱ्याच्या पालक म्हणून नेमणूक करून घ्यायची. 1890 चा पालकत्व कायदा अल्पवयीन मुलांसाठी आहे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत होतं. 2017 च्या कायद्याने ते प्रकरणच गाळलं आणि उपचारापुरता प्रतिनिधी ठेवला. दिव्यांग कायद्याचं मर्यादित पालकत्वाचं कलम 14 तुमच्या प्रकरणात लागेल का, हे वैद्यकीय अहवाल पाहिल्याशिवाय सांगणार नाही. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका, म्हणजे थेट उच्च न्यायालयात अर्ज. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये यासाठी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली: मेंदूविकारतज्ज्ञ असलेलं वैद्यकीय मंडळ, महसूल अधिकाऱ्याची भेट, मालमत्तेची पूर्ण यादी, नेमणुकीनंतर दर 6 महिन्यांनी हिशेब. मुंबई उच्च न्यायालयानेही असे पालक नेमले आहेत. फ्लॅट विकण्याची परवानगी याच याचिकेत मागा, नाहीतर पुन्हा त्याच रांगेत.

याचिका अडकेल ती एका जागी. ‘सासूबाईंशी बोलणं नाही, त्यांना कशाला मध्ये घ्यायचं,’ असं तुम्ही म्हणता. हिंदू वारसा कायद्यात आई ही वर्ग 1 मधली वारस, तुमच्या आणि मुलीच्या बरोबरीची. त्यांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र नसेल तर नोटीस, उत्तर, तारखा, आणि आपल्याकडच्या तारखा तुम्हाला माहीत आहेत. दिरांना समजवत बसू नका, सासूबाईंकडे जा.

नुकसानभरपाईचा दावा अजून केलेला नाही, हे वाचून मात्र मी कपाळावर हात मारला. मोटार वाहन कायद्याचं कलम 166(3) अपघातापासून 6 महिने देतं. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा दाखल कराच. पालक नेमला जाईपर्यंत थांबायची गरज नाही: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 15 खाली तुम्ही वादमित्र म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने दावा चालवायला, उभ्या राहू शकता. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड काढून ठेवा. औषधांची बिलं थर्मल कागदावरची असतात, 8 महिन्यांत निम्मी शाई उडालेली असेल. आजच झेरॉक्स काढा.