काळवीट बुजतंय ते कपड्यांच्या छापामुळे नाही

तुमची पोस्ट वाचून आमचं जुनं दुखणं आठवलं. तुम्ही लिहिता: सुप्याकडे चिंकारा आणि रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याच्या आसपासच्या माळांवर काळवीट, पायी फोटोग्राफी, अंगात सात हजारांचा पानाफांद्यांच्या छापाचा सूट, तोंडावर जाळी, तरी दीडशे मीटरवर कळप उधळतो. आता झालरी लोंबणारा त्याहून महाग सूट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. कॅमेऱ्याचं, प्रकाशाचं तुम्हाला कळतं, ते सोडून देतो.

आधी डोळ्यांचं. हरणं, काळवीट, शेळ्या, गाई या खुरवाल्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. त्यामुळे लाल, नारिंगी आणि हिरवा यांत त्यांना फारसा फरक दिसत नाही. नारिंगी वाघ हिरव्या रानात चितळाच्या नजरेतून निसटतो तो याचमुळे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत बंदुकीने हरणाची शिकार करणाऱ्याला भडक नारिंगी जाकीट कायद्यानेच घालावं लागतं, आणि ते घालूनही शिकार होते. (तिकडे राहणाऱ्यांसाठी जाता जाता: शिकारीच्या मोसमात रानात फिरायला जाताना तुम्हीही नारिंगीच घाला, हरणासाठी नाही, बंदूकवाल्यासाठी.) छापातली बारीक पानं तर शंभर मीटरवर आपल्यालाही दिसत नाहीत, आणि हरणाची नजर बारकाव्यात आपल्याहून कमजोर. लांबून तो सूट म्हणजे माणसाच्या आकाराचा एक गडद ठिपका.

निळा रंग मात्र त्यांना चांगला दिसतो, म्हणून जीन्स नको. आणि 'पांढऱ्याहून पांढरं' करणाऱ्या धुण्याच्या पावडरींत चकाकी आणणारं रसायन असतं, ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत फेकतं. महागडा सूट त्याच पावडरीत धुतला की झालं. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात कपड्यावर मारून बघा. निळसर चमकला तर तो माळावर नको. रिठ्याच्या पाण्यात धुवा, नीळ घालू नका. एकदा बसलेली चकाकी लगेच जात नाही, बरीच धुणी लागतात. प्रत्यक्षात याने किती फरक पडतो यावर मतं वेगळी आहेत. आमच्या मते पहाटे-संध्याकाळी थोडा पडतो, पण कळप उधळायचं हे कारण नव्हे.

खरं कारण हालचाल. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, बाहुली आडवी, त्यामुळे मान न वळवता जवळजवळ तीनशे अंशांत काय हललं ते कळतं. त्यात आपले सगळ्यात जास्त हलतात हात आणि चेहरा, आणि बऱ्याच जणांचे नेमके तेच उघडे. कडेची टोपी आणि पातळ मळकट हातमोजे यांनी जेवढं काम होतं तेवढं त्या सात हजारांनी होत नाही. नखशिखांत कॅमो (लपण्यासाठीच्या छापाचे कपडे) आणि हातात पांढरी लांब लेन्स, हे तर आम्ही दर हिवाळ्यात बघतो. जुन्या मातकट पँटचा एक पाय कापून लेन्सवर चढवा, फोकसच्या रिंगपाशी भोक ठेवा.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि ती तुमच्या पोस्टमध्येही दिसते: 'शेवटचे दोनशे मीटर पोटावर सरपटत गेलो.' तुमच्याच माळावर मेंढ्या घेऊन धनगर जातो. पांढरं धोतर, लाल पागोटं, काठी, कुत्री, आरडाओरडा, आणि काळवीट त्याच्याकडे नजर टाकून पुन्हा चरायला लागतं. त्या काळविटाने धनगराला रोज बघितलंय. जो माणूस उघडा, एका चालीने, दुसरीकडे बघत जातो त्याच्यापासून धोका नाही, हे त्यांनी शिकून घेतलंय. गवतात दबून, थांबत-थांबत, थेट त्यांच्यावर नजर लावून पुढे सरकणारं जे काही आहे ते लांडगा. तुम्ही जितके छान लपाल तितके लांडग्यासारखे दिसाल, आणि अर्धवट लपलेलं कळपाला अजिबात चालत नाही.

म्हणून उभ्याने चाला. सरळ कळपावर नाही, तिरके, जणू त्यांच्या बाजूने पलीकडच्या गावाला निघालात. वीसेक पावलं, मग थांबा आणि पाठ अर्धी वळवून चार-पाच मिनिटं उभे राहा. बहुतेक माना खाली असतील तेव्हाच पाय उचला. एक मान वर आली की थांबा, चार आल्या की दोन पावलं मागे. चिंकारा पुढचा पाय आपटायला लागला, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढायला लागला, की तुमची मर्यादा ओलांडली गेलीय. पाय मागे घ्या, फोटो नंतर. काळविटाच्या कळपात एकीने उडी मारली की बाकीचे कारण विचारत नाहीत. अंतर तिरक्या चालीने कमी होतं, पण एका सकाळीत नाही. त्याच माळावर त्याच कपड्यांत आठवडाभर गेलात तर चौथ्या-पाचव्या दिवशी फरक दिसतो. (माळ सपाट आणि वाट पक्की असेल तर गाडीतच बसा. गाडीला ते माणसापेक्षा कमी भितात. पायी जाण्याची हौस वेगळी.)

माळाच्या धारेवर उभे राहू नका, आभाळावर माणूस उमटतो. धारेच्या खालून वळसा घ्या. सूर्य पाठीशी घेताना आपली लांब सावली पुढे कळपात जात नाही ना ते बघा. गवतात टिटवी ओरडायला लागली तर जागीच थांबून बाजूने जा. उन्हाळ्यात तिची अंडी बहुधा तुमच्या पायाशीच असतात. गवतात एकटं पाडस दबून बसलेलं दिसलं तर ते हरवलेलं नाही, आईने ठेवलंय. फोटोही न काढता निघा.

सरपटायला आणखी एक विरोध आहे: याच माळांवर फुरसं आणि घोणस असतात. शिवाय कुसळं. लोकरी किंवा फ्लीसच्या कपड्यात ती अशी घुसतात की संध्याकाळ उपटण्यात जाते. घट्ट विणीचं गुळगुळीत सुती कापड घ्या. नायलॉन मांडीला मांडी घासली की सळसळतं, आणि वेल्क्रोची फरफर शांत सकाळी लांबवर जाते. बॅगेच्या चेन घरूनच अर्ध्या उघड्या ठेवा.

वारा. चाळलेली राख छोट्या पिचकारी बाटलीत भरून ठेवा, दर दहा मिनिटांनी चिमूटभर उडवा आणि वारा कुठे वाहतोय ते बघा. काळवीट मुख्यतः डोळ्यांवर चालतं, तरी नुसत्या वासानेही बुजतं; सांबर आणि रानडुकराच्या बाबतीत तर वारा चुकला की बाकी सगळं व्यर्थ. सह्याद्रीच्या उतारावर पहाटे थंड हवा खाली वाहते, म्हणजे वर उभे असाल तर खालच्या जनावराला तुमचा वास आधी पोचतो. ऊन तापलं की हवा उलटते आणि उतारावर चढू लागते. मधला अर्धा-पाऊण तास ती कुठेही फिरते, तेव्हा चहा प्या.

आता त्या सूटचा दुसरा खर्च. तुमचा पानांच्या छापाचा आहे, ठीक. पण बाजारात 'कॅमो' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं लष्करी छापाचं. असं जाकीट अंगात असल्याने, परवानगीचं पत्र खिशात असूनही, एका नाक्यावर आमचा अख्खा दिवस गेला. नाका कुठल्या खात्याचा ते लिहीत नाही. साहेब जेवायला गेलेत, येतील तेव्हा बघू. साहेब आले तर म्हणे हे आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या कार्यालयात जा. तिथे म्हणे पत्र त्यांचं, आम्ही काय करणार. पत्रात कपड्यांबद्दल अक्षर नव्हतं, जाकीट का चालत नाही हेही कुणी लिहून दिलं नाही. परवानगी दोन दिवसांची, त्यातला एक तिथेच संपला. त्यांचा संशय अगदीच अनाठायी नव्हता हेही मान्य करतो: २०२२ मध्ये लष्कराने नवा डिजिटल छापाचा गणवेश आणला, त्याच्या डिझाइनची नोंदणीही केली, आणि सैनिक वाटावं म्हणून तसा वेश घालणं हा गुन्हा आहे. मी वकील नाही, तुमचा हेतू काय ते नाक्यावरच्या माणसाला कळत नाही एवढंच सांगतो. नक्षलवादाची झळ सोसलेल्या गडचिरोलीकडे तर हिरवट कपड्यांचा विचारही करू नका. नुसती खाकीही नको, गावकऱ्यांना वाटतं वनखात्याचे आलेत.

म्हणून साधा मातकट शर्ट, शेवाळी किंवा राखाडी पँट. पत्राच्या दोन प्रती, ओळखपत्र, आणि आदल्या संध्याकाळी वनरक्षकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला फोन. शेताच्या कडेला अंधारात दबून बसलेला माणूस गावाला शिकारीच वाटतो. अभयारण्यात आखून दिलेल्या वाटेबाहेर उतरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जनावराला पिटाळणंही शिकारीच्या व्याख्येत येतं, आणि काळवीट-चिंकारा दोन्ही त्यातल्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत (यादीत) आहेत.

पक्ष्यांसाठी मात्र कपड्यांच्या रंगाबद्दलचं आणि लपण्याबद्दलचं वरचं लागू नाही. त्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या शंकूपेशी असतात, रंग आपल्याहून जास्त दिसतात, तिथे कपड्याचा रंग आणि नीट बांधलेला आडोसा दोन्ही हवेत. घेतलेला सूट फेकू नका. तळ्याकाठी बदकांसाठी बसताना तो वापरा, नाहीतर त्याच्याच पँटचा पाय लेन्सला लावा.