मूकपटांच्या काळात एखाद्या पटकथालेखिकेच्या हाती निर्मितीचे खरे अधिकार होते का?

होते, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जून मॅथिस. बालपणापासून रंगभूमीवर वावरलेली ही अभिनेत्री पुढे लेखनाकडे वळली आणि अल्पावधीतच मेट्रो या चित्रपट कंपनीच्या पटकथा विभागाची प्रमुख झाली. तिचा अधिकार केवळ कागदावरचा नव्हता. १९२१ साली आलेल्या 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स' या युद्धपटाची पटकथा तर तिने लिहिलीच, पण दिग्दर्शक म्हणून रेक्स इनग्रॅम आणि प्रमुख भूमिकेसाठी तोवर किरकोळ कामे करणारा रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यांची निवडही तिच्याच आग्रहाने झाली. त्यातील टँगो नृत्याच्या प्रसंगाने व्हॅलेंटिनो एका रात्रीत तारा झाला.

नंतर गोल्डविन कंपनीत तिने 'बेन-हर' या चित्रपटाची सूत्रे हाती घेतली. मात्र इटलीतील चित्रीकरण रखडले आणि १९२४ मध्ये गोल्डविन आणि मेट्रो या कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर नव्या मालकांनी तिला त्या कामातून दूर केले. दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइमच्या 'ग्रीड' या चित्रपटाच्या काटछाटीचा ठपकाही तिच्यावर आला, जो मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही, कारण कात्री चालवण्याचा निर्णय कंपनीचा होता.

१९२६ मध्ये व्हॅलेंटिनोचे अकाली निधन झाले, तेव्हा त्याची शवपेटी ठेवायला तिने हॉलिवूडच्या दफनभूमीतील स्वतःच्या कुटुंबाची जागा तात्पुरती देऊ केली. जेमतेम वर्षभरात, जुलै १९२७ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात नाटक पाहत असताना तिचाही हृदयविकाराने अंत झाला. ते दोघे आजही हॉलिवूडच्या त्याच दफनभूमीत शेजारी-शेजारी आहेत.