पैलवानांच्या बंद पडलेल्या पबांचा माग

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये प्लिमथला राहतो. या भागातील जुने पैलवान पब चालवीत असत, असे इथले म्हातारे सांगतात; पण ते पब आता जागेवर दिसत नाहीत. त्यांचा इतिहास कसा शोधावा?
— एक वाचक, प्लिमथ

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. २३ ऑक्टोबर १८२६ रोजी आपल्याच शहरातल्या मॉरिस टाउन भागात डेव्हन परगण्याचा अब्राहम कॅन आणि शेजारच्या कॉर्नवॉल परगण्याचा जेम्स पॉल्किंगहॉर्न यांची जोड लागली होती. कॅन हा डेव्हनच्या रिवाजाप्रमाणे जोडे घालून प्रतिस्पर्ध्याच्या नडग्यांवर लाथा हाणणारा, तर पॉल्किंगहॉर्न कवेत घेऊन आपटणारा. हजारोंच्या गर्दीसमोर झालेली ही कुस्ती वादावादीत अनिर्णित सुटली. हा पॉल्किंगहॉर्न सेंट कोलंब मेजर या गावी ‘रेड लायन’ चालवीत असे. पबमालक कुस्त्यांचे फड भरवीत, इनामे लावीत, कारण गर्दी जमली की बिअर खपे. मग नावाजलेला मल्लच गल्ल्यावर बसला, तर गिऱ्हाइकाला वेगळे आमंत्रण लागत नसे.

शोधाची सुरुवात मात्र पैलवानाच्या नावापासून करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वृत्तपत्रे एकच नाव निरनिराळ्या प्रकारे छापत आणि पबांच्या पाट्याही बदलत. त्यामानाने रस्ता आणि परवाना यांचा माग लागतो. पबांचे परवाने दंडाधिकारी देत; त्यांच्या जुन्या नोंदवह्यांसाठी कॉर्नवॉलपुरते रेड्रुथचे ‘क्रेसेन केर्नो’ हे अभिलेखागार गाठावे (ते एका जुन्या ब्रुअरीच्याच इमारतीत आहे), तर प्लिमथसाठी ‘द बॉक्स’.

इथे एक खाच आहे. १८३० च्या बिअर कायद्यामुळे कर भरणाऱ्या कोणाही कुटुंबप्रमुखास दोन गिनी भरून अबकारी खात्याकडून बिअरविक्रीचा परवाना मिळू लागला आणि त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचे कारण उरले नाही. ही मोकळीक १८६९ पर्यंत चालली. त्यामुळे त्या काळातील लहान बिअरघरे दंडाधिकाऱ्यांच्या वह्यांत सापडत नाहीत, आणि तिथे पब नव्हताच असे समजून अनेक जण शोध सोडून देतात. अशा वेळी १८४१ पासूनची दर दहा वर्षांची जनगणना पाहावी. मात्र घरधनी खाणीत कामाला आणि बिअरघर बायकोच्या हाती, अशीही घरे असत, म्हणून केवळ व्यवसायाचा रकाना पाहून भागत नाही, व्यापारी निर्देशिकाही (गावोगावच्या व्यावसायिकांची छापील यादी) शेजारी ठेवावी लागते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या मोठ्या प्रमाणावरील नकाशांत पब ‘पी. एच.’ (पब्लिक हाउस) या खुणेने दाखवलेले असतात.

१९०४ च्या कायद्याने नुकसानभरपाई देऊन अनेक परवाने बंद केले, त्याचे कागद अवश्य मागावेत. प्लिमथच्या मध्यवस्तीतले पब मात्र १९४१ च्या बाँबफेकीतही गेले.

एखादा कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलचा, मल्ल जनगणनेतून एकाएकी नाहीसा झाला, तर तो वारला असे लगेच धरू नये. तिथले खाणकामगार दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटा आणि कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली इथे मोठ्या संख्येने गेले आणि कुस्तीही सोबत घेऊन गेले. तिथली जुनी वृत्तपत्रे चाळावीत.